नंदुरबारला, दोन-एक

पोरं काल रात्रीच जीपने गेली.
चौदा जण, चेंडूंची जाळी, डेन्झिलच्या आईनं दिलेला अंड्यांचा डबा.
माझ्यापुरती जागा नव्हती. कुणी म्हटलंही नाही, या.
भुसावळहून सकाळची पॅसेंजर धरली.
पिशवीत कळण्याची भाकरी, चार केळी,
आणि हिरवी झेंडी.
रिटायर होताना सगळं सामान मोजून जमा केलं,
ही एक हिशेबात चुकली. चुकू दिली.

रिक्षावाल्याला मैदान विचारलं.
"फुटबॉलनं? आठे तर मिरच्या वाळतस."
खोटं नव्हतं. मार्केटच्या मागे
पथारीच पथारी,
डोंगराच्या रेघेपर्यंत लाल.
चौतीस वर्षं मी लालाला थांबलो.
इतकं लाल एका वेळी कुठल्याच स्टेशनात पाहिलं नव्हतं.
पाय आपोआप थांबले.
मग आठवलं, पुढे गेलो तर आता
मेमो देणारं कोणी नाही.

मैदान त्या लालाच्या मधोमध,
कुणी उचलायला विसरल्यासारखं.
गवत नाही. चुन्याची रेघ एका कोपऱ्यात वळायला कंटाळलेली.
एका गोलला जाळी, दुसऱ्याला कांद्याची पोती उसवून शिवलेली.
चार पायऱ्या सिमेंटच्या, त्यांवर सगळं नंदुरबार.
पाहुण्यांनी कुठे बसायचं
हे कुठेच लिहिलेलं नव्हतं,
कारण पाहुणा आजवर आला नसावा.
"बठा ना भाऊ," फुलसिंग गिरासे सरकले,
अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढे केला.

पहिलं ओरडलो, "चला शेड!"
माझाच आवाज मला ओळखू येईना.
दीडशे माना वळल्या.
पायरीखाली बसलेली तीन-चार पोरं
आपसात काही बोलली, माझ्याकडे पाहिलं,
आणि दया आल्यासारखी ओरडली, "चला शेड!"
पंचविसाव्या मिनिटाला डेन्झिलचं डोकं, कांद्याच्या पोत्यात चेंडू.
मी झेंडी काढली.
पोरं नाचली. त्यांच्या मास्तरांनी डोळे वटारले.

मग वसाव्यांच्या दिलवरनं बरोबरी केली
आणि माझी पोरं मला सोडून गेली,
एका क्षणात, जराही न ओशाळता.
गाव त्यांचंच होतं.

सत्तरावं मिनिट. चेंडू पथारीत पडला.
देठ खुडणाऱ्या बायांनी हसत परत फेकला, लालेलाल.
आमच्या हमीद तडवीनं तो धरला,
लांब मारला, आणि त्याच हातानं
कपाळाचा घाम पुसला.
संपलं.
दिलवर परत आला तेव्हा हमीद डोळे मिटून उभा होता,
रेफरीनं शिट्टी तोंडाशी नेली
आणि शिंकला.

फुर्र — असं काहीतरी वाजलं. चेंडू आत गेला.
वाजली का नाही वाजली? दोन्हीकडून बावीस जण अंगावर,
रेफरी नाक पुसतोय.
तेवढ्यात फुलसिंग उठले. माझ्या झेंडीकडे बोट.
"या गार्डसाहेबले इचारा. शिट्टी त्याले समजस."

आमचा कॅप्टन माझ्याकडे पाहत होता.
वाक्य काही फार मोठं नव्हतं:
वाजली. बस, एवढंच.
पण अर्ध्या शिट्टीवर मी एकही गाडी हलवली नाही,
ना थांबवली.
म्हटलं, "ती शिट्टी नव्हे. शिंक."

टाळ्या त्यांच्याकडच्या.
परतीच्या जीपमध्ये आता एक जागा होती,
जायबंदी झालेला अन्वर मामाकडे मुक्कामाला राहिला म्हणून.
कॅप्टननं खिडकी वर केली.
हमीदनं मात्र सुजलेल्या डोळ्यांनी हात दाखवला,
मला की खांबाला, सांगता येत नाही.

संध्याकाळच्या गाडीत झेंडीची घडी घातली
आणि विसरून डोळा चोळला.

दोंडाईच्याला एक बाई चढली, समोर बसली,
अमळनेरपर्यंत गप्प राहिली.
मग तिनं पाण्याची बाटली पुढे केली.
"कोणी गेलं का हो, दादा?"
"नाही," म्हटलं, "दोन-एक."