शाई फुटलेली जागा

नाटकाचं नाव ‘कुलूप’. अंक तीन, पात्रं पाच.
लेखक विश्वंभर गायधनी, ड्रॉइंगचे मास्तर.
एवढं एकच लिहिलं, मग पेन्शनीपर्यंत
पोरांना माठ आणि वांगी काढायला शिकवत राहिले.

प्रत माझ्याकडे असते. मी प्रॉम्प्टर.
दिवसा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा मोजायचो, माझ्या नसलेल्या,
रात्री विंगेत वाक्यं कुजबुजायचो, तीही माझी नसलेली.
बोट ओलं करायचं, पान उलटायचं.

पहिला प्रयोग बासष्टला, पंचवटीत, धर्मशाळेच्या चौकात.
सगुणेच्या कामाला पुण्याहून बाई आणल्या,
नाइट पंचाहत्तर रुपये. परतीची एसटी साडेअकराची,
म्हणून तिसरा अंक पळतच झाला.
कुलूप तांबट लेनमधून आणलेलं, खरं, पितळी, सव्वा शेराचं.
शेवटी दार उघडलं का, कुणालाच आठवत नाही.
पेपरात आलं : नेपथ्य बरे होते.

एकोणसत्तरला गंगेला पूर आला,
दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला,
मास्तरांची ट्रंक दोन दिवस पाण्यात.
प्रत आम्ही गच्चीवर वाळवली, पापडासारखी, पानं सुटी करून.
सगळं वाचता येत होतं. शेवटची सूचना तेवढी :
सगुणा उठते. किल्ली फिरवते. दार
आणि पुढे निळा डाग, नखाएवढा.
मास्तरांना विचारलं. म्हणाले,
“मला वाटलं, तुमच्या लक्षात असेल.”
पण प्रॉम्प्टर फक्त वाक्यं देतो. सूचना कोण वाचतं?

एक्याऐंशीला सातपूरच्या कामगारांनी केलं,
तालीम सेकंड शिफ्ट सुटल्यावर.
गांगुर्डे फिटरने दार लोखंडी केलं, वेल्डिंग मारून.
तेव्हा त्यांच्या कंपनीत टाळेबंदी होती.
दार उघडलं नाही.
पडदा पडला तरी माणसं उठेनात,
मागून एकाने विचारलं, “नोटीस कुठं लावलीय?”

सटाण्याच्या मंडळींनी अहिराणीत बसवलं.
त्यांची सगुणा म्हणाली, मी आठेच बठसू,
आणि दाराकडे पाठ करून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली.
त्या रात्री मास्तर पहिल्यांदा
तिन्ही अंक जागे होते.

बडोद्याहून एकदा पत्र आलं :
आम्ही दार ठेवलेलेच नाही, परवानगी असावी.
मास्तरांनी उलट कार्ड टाकलं.
असावी.

मग शमीम पिंजारी. शालिमारजवळचं थिएटर, दोन हजार तीन,
पाचही पात्रं बायकांनी केलेली. मास्तर तेव्हा नव्हते.
शेवटच्या प्रवेशात ती अडली.
मी वाक्य दिलं, हळू. मग जरा मोठ्याने.
तिने विंगेकडे मान वळवली आणि नुसती हलवली.
विसरली नव्हती. थांबली होती,
किल्ली कुलपात, हात किल्लीवर.
चाळीस वर्षांत मला पहिल्यांदा कुणी गप्प बसवलं.
मी मनात मोजत राहिलो, शंभराचं एक बंडल,
ब्याऐंशीपर्यंत पोचलो
आणि लाइटवाल्याने घाबरून अंधार केला.
टाळ्या त्यालाच जास्त मिळाल्या असं तो अजून सांगतो.

परवा गंगापूर रोडच्या कॉलेजची मुलं आली.
स्पर्धेसाठी हवंय, चाळीस मिनिटांत.
प्रतीचे फोटो काढले, सगळ्या पानांचे.
एका मुलीने डाग मोठा करून दाखवला :
“काका, हा उघडतंचा उ आहे की ढकलतेचा ढ?”
मी चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं.
उ असेल. ढ असेल.
मास्तरांचं पेन तिथे टेकून राहिलं असेल नुसतं.

कुलूप देऊन टाकलं त्यांना, चिंचेने घासून.
जिन्यावरून ओरडून विचारलं तिने, “काका, किल्ली?”
किल्ली त्या पुण्याच्या बाईंच्या पर्समध्ये गेली,
साडेअकराच्या एसटीने.
त्यानंतर प्रत्येक सगुणेने फिरवली
ती माझ्या कपाटाची.