पट्ट्याचा जोड

नाटकांचा सीझन संपला की ऑर्गनवर चादर पडते
आणि ऑक्टोपॅड विकायचा की नाही, हा प्रश्न
मी होळीपर्यंत पुढं ढकलतो.
यंदा ढकलायलाही वेळ नव्हता.
तळोधीच्या लग्नासाठी डीजेवाल्या प्रफुलनं
नवा ट्रॅक मागितला होता.
"बेस असा पाहिजे का मांडवाचे बांबू बोलले पाहिजे."

राइस मिलच्या मागची खोली, भाडं तीनशे.
भिंतीला कोंड्याची पिवळी साय.
लॅपटॉपच्या बटणांतही कोंडा, एफ दोनदा दाबावा लागतो.
सॉ वेव्ह घेतली, कच्ची, करवतीच्या दातांची.
तिच्याखाली दुसरी, सात सेंट उतरती,
म्हणजे दोघी एकाच सुरात भांडत राहतील
पण घर सोडणार नाहीत.
कटऑफ दोनशेच्या आत.
वरचं सगळं झाकलं, उरली
घसा बसलेली गुरगुर.

चार रात्री ती गुरगुर जागची हलली नाही.
आवाज वाढवला, मोठी झाली.
हलली नाही.
ए, मग सी, मग पुन्हा ए.
बोडीत बसलेली म्हैस डोकं इकडून तिकडं करते,
तेवढंच.

पाचव्या रात्री बकाराम कोसरे आला, माचिस मागायला.
मिलमध्ये हलरपाशी तीस वर्षं.
कान गेलेत. नाव घेऊन हाक मारली तर वळत नाही,
पण बेअरिंग कोरडं पडलं की झोपेतून उठतो.
त्यानं स्पीकरवर तळवा ठेवला,
तापल्या पोराच्या पोटावर ठेवावा तसा.
बराच वेळ.
"बापू, हे चालून नाही रायलं.
उभ्या उभ्या थरथरून रायलं."

मी फिल्टर समजावू लागलो, त्याला काय ऐकू येणार.
हात धरून मिलमध्ये नेलं, अंधारात मेन ओढली.
रिकामी मिल फिरू लागली, धान नाही, माणूस नाही.
लांब पट्टा, कधीकाळी तुटलेला, तारेनं शिवलेला.
माझं बोट पकडून त्यानं हवेत ठोका दाखवला
पुली, पुली, जोड
पुली, पुली, जोड
जोड पुलीवर चढताना पट्टा क्षणभर दम धरतो,
चापट मारतो,
सैल होऊन पुढं जातो.
एलिव्हेटरचे डबे चार-चारनं खटखटत होते,
जोड मात्र दर तिसऱ्याला.
मोजलं. बारा ठोक्यांनी दोघं भेटतात
आणि लगेच अनोळखी होतात.

खोलीत आलो. एलएफओ चारवरून काढला, तीनवर बसवला.
वक्र हातानं ओढला, हळू चढ, चापट, सैल.
जोडाच्या जागी फिल्टर नऊशेपर्यंत उघडू दिला,
तिथं करवतीचे दात दिसतात, एवढेसे,
आणि ओठ पुन्हा मिटतात.
किक आली की बेस खाली उतरतो.
धुऱ्यावर समोरून भारा घेतलेली बाई आली
की आपण पाय बांधीत टाकतो, तसा.
ती गेली की पाय परत वर, चिखलासकट.
त्या चिखलावर मी दोन तास घालवले.

तळोधीला मांडवाचे बांबू बोलले.
प्रफुलनं पैसे अर्धे दिले, बाकीचे वरातीनंतर.
पोरं नाचली. ती कशावरही नाचतात,
ते मी मनावर घेत नाही.
बकाराम पंगतीतून उठून आला होता,
चप्पल सोडून, सबच्या बाजूला, डोळे मिटून.
दर तिसऱ्या ठोक्याला त्याचं उष्टं बोट
एकदा वर होत होतं,
नाचणाऱ्यांच्या चारशी काही घेणं नसल्यासारखं.
बाराव्याला सगळ्यांचे हात वर गेले
आणि त्याचंही बोट.

तेवढ्यात जनरेटर बसला.
बोट आणखी दोनदा वर झालं.