कुजण्याची मुदत

निविदेत एक रकाना होता : टिकाऊपणा.
काळ्या कापडासमोर मी लिहिलं, पन्नास वर्षं.
काथ्याच्या जाळीसमोर, तीन.
साहेबांनी तीनाखाली लाल रेघ ओढली,
नापासाच्या गुणांखाली ओढतात तशी.

जुवें बेटावरचा बांध त्या आश्विनात
अकरा हात फुटला होता.
फुटायला वादळ लागत नाही.
कुर्ल्यांची चार बिळं,
अमावस्येची एक भरती,
आणि मानशीची एक फळी, वेळेवर न पाडलेली.
कोरगूट खाऱ्याला सरावलेलं भात,
पण पायापुरतं. गळ्यापर्यंत नाही.

पास्कोल खांडापाशी उकिडवा बसला होता.
तीस वर्षं मानशीच्या फळ्या त्याच्या हाती;
चंद्र बघून पाडायच्या, चंद्र बघून उचलायच्या.
त्या रात्री तो बांबोळीच्या इस्पितळात होता
मुलीच्या बाळंतपणाला.
हे त्याने मला सांगितलं नाही, दुसऱ्यांनी सांगितलं.
काळं कापड त्याने दोन बोटांत धरलं,
घोंगडीसारखं चुरगाळलं, नाकाशी नेलं.
"हें केन्ना मरतलें?"
मरत नाही, मी म्हटलं.
"मागीर बांद ताका आपलें कशें म्हणटलो?"

छापील उत्तर माझ्याजवळ होतं :
पाणी सोडायचं, माती धरायची,
चहाच्या गाळण्यासारखं.
नदीच्या अंगाला, जांभ्या दगडांच्या पाठीमागे,
जिथे ओहोटी दिवसातून दोनदा
मातीचा घास काढून नेते,
तिथे हेच लागतं. काथ्या तिथे पुरत नाही.
ते खरं होतं
आणि पास्कोलने ते ऐकून घेतलं,
पाहुण्याचं ऐकून घेतात तसं.

शेताच्या अंगाला जाळी.
गुंडाळी उलगडता उलगडता प्रेमावती बोलत होती,
सोडणं कशी आठ महिने
खाडीच्या चिखलात पुरून ठेवतात,
वर धोंडे रचतात आणि विसरून जातात.
कुजायचं ते सगळं कुजतं.
मग बडवायचं, हात सोलवटेपर्यंत.
"उरता तो काथो."

म्हणजे चिखलाला एकदा
नाही म्हणून आलेला धागा
आम्ही परत चिखलातच नेत होतो,
आता हो म्हणायला.

माथ्यावर चर खणून वरची कड पुरली.
पदरावर पदर वीतभर.
वेळूच्या खुंट्या ठोकल्या, दर पावलाला एक,
आणि डोळ्याडोळ्यातून वाळ्याची थोंबं खोचली.
प्रेमावतीच्या गटातली एक पोर म्हणाली,
बांधाला वेणी घातल्यासारखी दिसते.
कुणी हसलं नाही. ऊन फार होतं.

तिसऱ्या वर्षी तपासणीला गेले.
जाळी शोधली. पायाने उकरली, मग नखांनी.
एक गाठ सापडली, तपकिरी,
चिमटीत धरली तर चहाच्या पुडीसारखी सुटली.
वाळ्याचं थोंब उपटून पाहिलं,
दोन्ही हातांनी, टाच रोवून.
उपटेना.

काळं कापड दगडांखाली जसंच्या तसं.
फक्त एका कोपऱ्याची पट्टी सुटून
मानशीच्या जाळ्यात आली होती, कोळंबीबरोबर.
पास्कोलने ती धुतली, वाळवली
आणि सात शिरांच्या भेंडीची रोपं
काठ्यांना बांधली तिने.
"पन्नास वर्सां," तो म्हणाला,
"भेंडो तीन म्हयन्यांचो."

माझ्या अर्जावर तीन चौकोन होते :
शाबूत. खराब. नष्ट.
काथ्यासमोर काय खूण करू
म्हणून पेन धरून उभी राहिले,
बांधावर, म्हणजे
जे नष्ट झालं होतं त्याच्यावर.

तेवढ्यात पास्कोलने हाक मारली.
भरती लागली होती, फळी जड.
कागद कमरेला खोचला
आणि दुसरं टोक धरायला गेले.