पानाची पाठ

आल्सिना लंडनला नाही, स्विंडनला गेली.
दोन्हींतला फरक ती जिन्यात उभी राहून समजावत होती
आणि मी तिच्या हातातली कुंडी कुठे धरायची ते बघत होतो.
चौथा मजला, मांगोर हिल, लिफ्ट मे महिन्यापासून बंद.
कुंडीखाली बशी, बशीखाली पोदेराच्या हिशोबाच्या वहीतला कागद,
त्यावर तिचं तिरकं रोमी अक्षर:
उदक थोडें, हात चड.

पाणी कमी, हात जास्त.
मी एकतीस वर्षं रेल्वेच्या माल-कचेरीत वॅगनी मोजल्या.
हात जास्त म्हणजे किती,
हे कुठल्याच परिपत्रकात आलं नव्हतं.

आठवड्याभरात कळलं.
बंदराला जहाज लागलं की वारा आमच्याकडे वळतो
आणि सकाळी पानांवर काळी पूड.
बोटाने रेघ ओढली की खालून रंग वर येतो.
मोरपिसासारखा, असं लिहिणं सोपं आहे;
मला तो ताटात उरलेल्या बांगड्याच्या काट्यासारखा दिसला,
मधे कणा, दोन्हीकडे हिरवे काटे.

मग जुन्या बनियनचा तुकडा,
रात्रभर बादलीत शिळं केलेलं नळाचं पाणी,
एक हात पानाखाली, एक वर,
दुसऱ्याचा चष्मा पुसावा तसं.
एकोणीस पानं. चहा निवतो.
फडकं पिळताना बेसिनमध्ये जे काळं उतरतं
ते मला अनोळखी नाही.
बावन्न वॅगनी, सीलबंद, वजन बरोबर,
खाली माझी सही.

आई केरीहून आली चतुर्थीच्या खरेदीला.
जन्म कुळागरात गेला तिचा,
असलं रान ती पोफळीच्या मुळांत कोयत्याने छाटून टाकते, खत म्हणून.
"फळ येतं?"
नाही.
"भाजी होते? तेऱ्यासारखी?"
नाही गं.
"मग हा पाव्हणा कशाला?"
मी नर्सरीवाल्याने सांगितलेलं नाव सांगितलं, कॅलाथिया,
तिने ते ऐकून घेतलं नाही.
पण जाताना चप्पल घालता घालता
थांबली, एक पान उलटं केलं.
महिनाभर मी पुसत होतो ती नुसती तोंडं.
पाठ दारूच्या रंगाची, गडद,
आणि तिथे बारीक जाळं, लाल कोळी, पिठाएवढे.
"खालून बघायचं असतं रे," म्हणाली,
आणि बस चुकवून
कडूनिंबाचं तेल पाण्यात फेटत बसली.

तीन पानं तरी गेलीच.
व्हिडिओ कॉलवर मी कुंडीची बरी बाजू कॅमेऱ्याकडे केली.
तिकडे दुपारी चारला अंधार, आल्सिना स्वेटरवर स्वेटर,
मुलगा रात्रपाळीला, सून पण.
"गुरुदासबाब, फिरव तिला."
मी फिरवलं.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "बरी आसा. माझ्यापरस बरी आसा."
मागे कुठेतरी किटली शिट्टी वाजवत होती,
उठून ती बंद करायला कुणी नव्हतं, म्हणजे तीच होती,
आणि ती झाडाकडे बघत होती.

परवा दोघे जण टेप घेऊन तिचा हॉल मोजून गेले.
पाणी किती वाजता येतं, मला विचारलं.
सकाळी सहा, मी सांगितलं, कधी कधी.
आल्सिनाला मी हे विचारलेलं नाही.
तिनेही सांगितलेलं नाही.

रात्री दहाच्या सुमाराला पानं उभी राहतात एकेक,
दुकानदार शटर अर्धं ओढतो तशी,
म्हणजे माहीत असलेल्याने वाकून आत यावं.
तेव्हा त्यांच्या पाठी दिसतात सगळ्या,
दिवा न लावताही.
मधोमध एक नवी सुरळी,
विडीएवढी घट्ट.
बोटाने उलगडायची नाही, तेवढं मला आता कळतं.

बादली भरून ठेवली आहे.
उद्या जहाज लागतंय.