पंधरा थाऊ

गोरेगावच्या तबेल्यातून आणली तेव्हा
ती गाडी नव्हती, वजन होतं.
रामअवधने भंगाराच्या काट्यावर चढवून विकली,
वर म्हणाला, टाकीतल्या चिमणीच्या काड्या फुकट.

एक्क्याऐंशीची राजदूत.
दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्यांचे हूक,
वेल्डिंग मारून बसवलेले, म्हशीच्या शिंगांसारखे.

चुनाभट्टीला तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या.
फ्रेम पॅसेजमध्ये, चाकं पलंगाखाली,
इंजिन ओट्यावर, मिक्सरला खेटून.
सेक्रेटरी धामणकरांनी नोटीस लावली:
जाण्यायेण्याच्या जागेत अवजड वस्तू ठेऊ नये.
शालनने पेन्सिलीने दुरुस्त केलं: ठेवू.
माझी बाजू म्हणून नाही.
बाई शाळेतून निवृत्त झाली, शुद्धलेखनातून नाही.

मी एकतीस वर्षं टूलरूममध्ये.
सुतार सुतात मोजतो, आम्ही थाऊत.
माणसाचा केस तीन थाऊ, हे लग्नाच्या पहिल्या आठवड्यात
तिचाच केस मायक्रोमीटरमध्ये धरून सांगितलं होतं.
ते अजून माफ नाही.

बोअर साकीनाक्याला केला.
पिस्टन कुर्ल्यात तय्यबकडे निघाला,
उर्दू पेपरात गुंडाळलेला, ग्रीसने माखलेला,
टाळू भरलेल्या पोरासारखा.
टाकीचा गंज काढायला मूठभर नट, चिंचेचं पाणी,
आणि चार दिवस ती मांडीवर घेऊन हलवत बसणं.
वरून रेगेबाई विचारायच्या, झोपलं का हो?

बेअरिंग बसवायचं तर ते आकसलं पाहिजे
आणि त्याचं घर फुगलं पाहिजे.
रात्रभर बेअरिंग फ्रीजरमध्ये, मटारांच्या पिशवीखाली.
सकाळी क्रँककेस तव्यावर.
शालनने पाण्याचं बोट शिंपडलं, चुर्र झालं.
टाक आता, म्हणाली, घावनाला म्हणते तशी.
टाकलं.
टक्.
हातोडी उचलावीच लागली नाही.
त्या तव्यावर पुन्हा भाकरी झाली नाही, हेही खरं.
नवा मी आणला. न सांगता, जड बघून.

मग पॉइंट. मधली फट पंधरा थाऊ.
कमी ठेवली तर जळतात, जास्त ठेवली तर ठिणगी थकते.
फीलर गेज सापडेना.
सावंतांच्या मुलीची लग्नपत्रिका मोजली,
बरोब्बर पंधरा.

किक मारली.
काही नाही.
अकरा दिवस काही नाही.
ठिणगी आहे, पेट्रोल आहे, दाब आहे,
सगळं आहे आणि हूं की चूं नाही.
गुडघ्याचा नारळ झाला.
धामणकरसुद्धा नोटिशीखाली उभे राहून
चार किका मारून गेले.

बाराव्या दिवशी शालन सायलेन्सरच्या तोंडाशी उकिडवी बसली,
तळहात धरून.
म्हणाली, हा श्वास घेतोय, सोडत नाहीये.

छत्रीची तार घातली. माती आली.
कुंभारणीचं घर.
एकाला एक चिकटलेली इवली मडकी, रिकामी,
आतलं सगळं केव्हाच उडून गेलेलं.
फूटपट्टी नाही, पत्रिका नाही,
तोंडातून एकेक गोळी आणून
नळीच्या गोलाईत अशी बसवलेली
की केस शिरला नसता.
मी खालीच बसलो. हसू आवरेना.
शालनने ती मडकी मात्र टाकली नाहीत,
मिठाच्या रिकाम्या बरणीत ठेवली.

तिसऱ्या किकेला लागली.
निळा धूर जिन्याने चढून
रेगेबाईंच्या वाळणाऱ्या परकरांत शिरला.
आवाज अगदी
रिकाम्या किटलीत लोखंडी पळी फिरवल्यासारखा.

हूक कापणार होतो, ग्राइंडर लावलाही होता.
राहू देत, ती म्हणाली.
आता मंगळवारी डावीकडे कांदे, उजवीकडे बटाटे,
दोन्हीकडे सारखे, नाहीतर वळणावर ओढते.

गिअरबॉक्स अजून गळतो.
पॅकिंग बदललं, शेलॅक लावलं,
तरी रात्री एक थेंब.
खाली शालनने
तो जुना तवा ठेवलाय.