दोन कॉलम, दहा सेंटिमीटर

खेतवाडी, सहावी गल्ली. जिन्याखाली माझं टेबल,
एक पंखा, दोन स्क्रीन, आणि शेजारी
लग्नपत्रिकावाल्याच्या कटिंग मशीनचं पातं
दर चार सेकंदांनी.

पेडामकरबाई पेन ड्राइव्ह रुमालात बांधून आल्या.
प्रथम पुण्यस्मरण. दोन कॉलम, दहा सेंटिमीटर.
मागे ढग हवेत, म्हणाल्या, निळे. कडेनं गुलाब,
खाली सव्वीस नावं
आणि मधे ह्यांचा फोटो, मोठा.

मी म्हटलं, बाई, निळ्यावर काळं अक्षर
पेपरच्या कागदात बुडतं,
शाई पसरते, नावं वाचता यायची नाहीत.
थोडं कोरं सोडू.
त्या म्हणाल्या, पैसे जागेचे देतेय ना?
मग कोरी कशाला ठेवायची?

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
ह्या शहरात कुणाकडे असतं?

फोटो भाच्याच्या लग्नातला. मागे जरीचा पडदा,
थर्माकोलचा मोर, कुणाच्या तरी ताटातली जिलेबी.
पुसत गेलो. मोर गेला, जिलेबी गेली, पडदा गेला.
पेडामकर उरले, पांढऱ्यावर, जरा तिरके,
आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर
मनगटाशी तुटलेला एक हात.
चार बोटं, पोवळ्याची अंगठी.

दहा मिनिटांत काढतो, मी म्हटलं,
उजवीकडचा शर्ट थोडा उचलून इथे लावला की झालं.

बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
शेजारी पातं सहा-सात वेळा पडलं.

राहू दे.

पण तोल जातो, सगळं वजन एका अंगाला येतं,
शिवाय लोक विचारतील, हात कुणाचा.

विचारू देत. आणि ते ढग नकोत.

मग नावांचा ठोकळा उजवीकडे सरकवला.
टाइप साडेसातवर आणला.
वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकत होते,
तेवढी फट दिली.
हाताच्या मागे काहीच ठेवलं नाही.
बोटभर कागद.

प्रूफवर त्यांनी नावं मोजली. सव्वीस.
पुन्हा मोजली.
मग पेन मागून घेतलं, आणि
‘समस्त पेडामकर परिवार’च्या वर
एकच शब्द लिहिला, आडनावाशिवाय:
बाबल.

सत्ताविसावं बसेना.
मी त्या बोटभर कागदाकडे पाहिलं.
तिथे नको, त्या म्हणाल्या,
तिथे त्याचा हात आहे.

मी गुलाब काढले.