तिसाच्या आत

फॉर्मवर लिहिलं होतं: मेबल, मादी, वय चौदा,
वजन नऊ पौंड, दात तीन,
दोन्ही कान बंद, हृदयाची एक झडप गळकी.
आणि खाली शिक्का: म्हातारा प्राणी, शुल्क माफ.
काउंटरमागची टेगन म्हणाली,
“सहा महिने. फार तर आठ. आधी सांगितलेलं बरं.”
मी म्हटलं, मलाही बसमध्ये अर्धंच तिकीट पडतं,
पण मला कुणी इतकं आधी सांगत नाही.
ती हसली नाही. मी सही केली.

डुलुथमधला जानेवारी म्हणजे
दाराची कडी बोटांना चिकटते.
सकाळी गोळी, संध्याकाळी गोळी,
मध्ये अंगातलं पाणी उतरवणारी तिसरी,
तिच्यापायी दर दोन तासांनी अंगणात.
म्हणून बर्फात एक गल्ली खणली आहे,
फावड्याच्या रुंदीची, कुंपणापर्यंत,
भिंती मेबलच्या डोक्याहून उंच.
लाल स्वेटर, जीभ डावीकडे लोंबती,
ती चालते पाहणीला आलेल्या साहेबासारखी,
प्रत्येक भिंतीत काहीतरी खोट काढत.

शेजारचा ओर्विल म्हणतो,
“एवढ्या पैशात नवं पिल्लू आलं असतं.”
आलं असतं.
पण पिल्लाला मी पुरले नसते, ओर्विल.

गोळी लिव्हरच्या पेस्टमध्ये लपवते.
ती पेस्ट चाटते, गोळी गालिच्यावर ठेवते,
स्वच्छ, कोरडी,
जणू माझीच हरवलेली वस्तू शोधून दिली.
पुन्हा लपवते. पुन्हा परत.
तिसऱ्या खेपेला आम्ही दोघी एकमेकींना ओळखून असतो.

डॉक्टर ओयेन म्हणाले, औषध लागू पडतंय की नाही
ते झोपेत कळतं. गाढ झोपली की श्वास मोजा.
मिनिटाला तिसाच्या आत असले तर तुम्हीही निजा.
वर गेले तर मला उठवा.

मोजायचं तर मला येतं.
एकतीस वर्षं उचलपुलाच्या खोलीत बसले.
सरोवरातून आलेलं जहाज, माल, वारा,
पूल किती वाजता वर, किती वाजता खाली,
सगळं हिरव्या वहीत.
निवृत्तीच्या दिवशी एक कोरी वही कोटात घालून आणली,
चोरीच म्हणायची.
ती आता पलंगाशी असते.

११:४०. चोवीस.
२:१५. सव्वीस. मध्ये पाय हलले, स्वप्न असावं.
४:०५. एकोणतीस.
मग दिवा न लावता उठून बसते,
हात तिच्या बरगड्यांवर.
काडेपेटीत कोंडलेला भुंगा.
पुन्हा मोजते. सत्तावीस.
वारा वायव्येचा. हे उगीच, सवयीने.

मार्चअखेर बर्फ फुटला.
पहिलं जहाज आलं, भोंगा दिला: एक लांब, दोन आखूड.
पुलाने तसंच उत्तर दिलं.
खिडकीच्या काचा थरथरल्या,
आणि मेबल, ठार बहिरी मेबल,
टोपलीत ताठ उभी.
जमीन तिच्या तळव्यांतून बोलली होती.

तेव्हापासून मी तिला नावाने हाक मारत नाही.
लाकडी जमिनीवर पाय घासते, लांब,
मग टाचेचे दोन ठोके.
आणि ती येते स्वयंपाकघरातून,
घाई नाही, वाटेत एकदा खोकून,
एकदा दम खायला बसून,
पोटाखालचं ओझं सांभाळत, धक्क्याला.

हा नववा महिना.
टेगनला कळवलेलं नाही, उगीच दृष्ट लागायची.

काल रात्री ३:२०. एकतीस.
फोन हातात घेतला.
तेवढ्यात ती कुशीवर वळली, एक उसासा.
पुन्हा मोजले. तीस.
तिसाच्या आत म्हणजे तीस धरून की सोडून,
हे डॉक्टरांना विचारायचं राहूनच गेलंय.
पूल वर ठेवून बसले,
उजाडेपर्यंत.